पळीभर द्राक्षारस

शनिवारी सायंकाळी वेदीसेवक मुलांची तयारी करून घ्यावयाची, हा आमच्या धर्मग्रामातील जुना परिपाठ आहे. रविवारच्या मिस्साला मेणबत्त्या कोणी धरावयाच्या, घंटा कोणी वाजवावयाची, पाण्याची आणि द्राक्षारसाची कुपी वेदीपाशी कोणी आणावयाची, याची वाटणी त्या वेळी होते. मुलांच्या दृष्टीने या वाटणीला केवढे महत्त्व असते, हे ज्यांनी बालपणी वेदीसेवा केली आहे त्यांना सांगावयास नको. घंटा न मिळाल्यामुळे रुसलेली मुले आम्ही पाहिली आहेत, आणि एके काळी आम्हीही रुसलो आहो.

काही महिन्यांपूर्वीच्या अशाच एका शनिवारी मुले निघून गेल्यावर एका मुलाची आई साक्रिस्तीच्या दाराशी थांबली. आमच्या इंदूर शहरात मराठी बोलणारी ख्रिस्ती कुटुंबे फार नाहीत. जी आहेत ती परस्परांना ओळखून आहेत. तेव्हा या बाईंच्या घरची स्थिती आम्हांस ठाऊक नव्हती असे नाही. नवरा चांगला कारागीर. परंतु मजुरी हातात पडली की पाय घराकडे वळण्याआधी दुसरीकडे वळत.

बाई म्हणाल्या, “फादर, एक विनंती आहे. माझ्या मुलाला घंटा द्या, मेणबत्ती द्या, धूपदान द्या. पण ती द्राक्षारसाची कुपी त्याच्या हातात देऊ नका.”

आम्ही कारण विचारले. त्यांनी मान खाली घालूनच सांगितले, “घरात रोज वास येतो. पोरगा त्या वासाला अजून भितो. देवळात त्याच्याच हातून तो वास यायला लागला, तर उद्या त्याची भीती मोडेल.”

वाचकहो, आम्ही आठ वर्षे सेमिनरीत काढली आहेत. प्रश्न आला की उत्तर तयार असावे, अशी सवय तेथे अंगी मुरते. काना गावच्या लग्नात प्रभूने पाण्याचा द्राक्षारस केला. शेवटच्या भोजनाच्या रात्री त्याने जो प्याला हाती घेतला तो द्राक्षारसाचाच होता. ख्रिस्तसभेच्या कायद्याप्रमाणे मिस्साचा द्राक्षारस द्राक्षांपासूनच झालेला, नैसर्गिक आणि न बिघडलेला असावा लागतो. आणि अर्पणानंतर तो द्राक्षारस राहतच नाही, प्रभूचे रक्त होतो. हे सर्व आम्ही त्यांस सांगितले. सांगितले त्यात चूक काहीच नव्हती. बाईंनी सर्व ऐकून घेतले, “आपण म्हणता ते खरंच असेल, फादर,” असे म्हणाल्या आणि पदर सावरून निघून गेल्या.

“खरंच असेल” हे दोन शब्द त्या रात्री आमच्या मनातून जाईनात. आम्ही त्यांना वेदीवरील चषकाविषयी सांगितले होते. त्यांनी विचारले होते आपल्या घरातील बाटलीविषयी. दुसऱ्या दिवशी त्या मुलास आम्ही घंटा दिली. परंतु प्रश्न आमच्यापाशीच राहिला.

पुढे फेब्रुवारीत आमच्या धर्मग्रामातील काही मंडळी नाशिक रोडच्या बाळ येशूच्या यात्रेस निघाली. ही यात्रा फेब्रुवारीच्या दुसऱ्या शनिवारी-रविवारी भरते आणि दूरदूरचे भाविक, त्यांत अन्यधर्मीयही, तेथे लोटतात. आम्हीही मंडळींबरोबर निघालो. इंदूरहून नाशिकला जाणारा रस्ता हा जुना मुंबई-आग्रा रस्ता. महू मागे पडते, नर्मदा ओलांडली जाते, सेंधव्याच्या पुढे बिजासनीचा घाट उतरला की महाराष्ट्राची हद्द लागते. मग शिरपूर, धुळे, मालेगाव आणि चांदवड. चांदवडला होळकरांचा रंगमहाल आहे. इंदूरच्या माणसाला तेथे आल्यावर परक्या मुलखात आल्यासारखे वाटत नाही. अहिल्यादेवींचे नाव येथेही तितक्याच आदराने घेतले जाते.

चांदवड ओलांडल्यावर रस्त्याच्या दोहों बाजूंचा देखावा बदलतो. पिंपळगाव बसवंत आणि ओझर या भागात दृष्टी जाईल तेथवर द्राक्षांचे मांडव. रस्त्याच्या कडेस द्राक्षांच्या पाट्या मांडून बायका बसलेल्या. आमच्या बसमधील मुलांनी ती द्राक्षे पाहून जो गलबला केला, त्यावरून मोशेने कनान देशात धाडलेल्या हेरांची आम्हांस आठवण झाली. त्या हेरांनी द्राक्षांचा एक घोस दांडीला बांधून दोघांच्या खांद्यांवरून आणला होता, असे गणनेच्या पुस्तकात वर्णिले आहे.

यात्रा निर्विघ्नपणे पार पडली. दुसऱ्या दिवशी दुपारी सेमिनरीतील आमचे एक स्नेही, जे त्या भागात सेवा करतात, ते आम्हांस म्हणाले, “तुमच्या इंदुरी प्रश्नाचे उत्तर मला येत नाही, पण ज्या घरात हाच प्रश्न रोज जेवायला बसतो, ते घर दाखवतो.” आणि गंगापूर धरणाच्या बाजूला, रस्त्यापासून आत असलेल्या एका मळ्यात ते आम्हांस घेऊन गेले.

घर मराठा शेतकऱ्याचे. अंगणात तुळशीवृंदावन, ओसरीवर विठ्ठल-रखुमाईची तसबीर. घरात त्या वेळी तीन पिढ्या नांदत होत्या. आजोबांनी चौऱ्याऐंशी वर्षे ओलांडलेली. गळ्यात तुळशीची माळ, कपाळी बुक्का. मुलगा साठीच्या जवळ आलेला. नातू तिशीतला, शेतकी शिकलेला. आणि या माळकऱ्याच्या मळ्यातून, गेली काही वर्षे, पांढरी वाइन तयार होते!

ही गोष्ट नीट समजावी म्हणून मळ्याचा इतिहास थोडक्यात सांगणे अवश्य आहे. आजोबांच्या वडिलांनी विहिरीच्या पाण्यावर भोकरी जातीची द्राक्षे लाविली. नाशिक भागातील ती जुनी जात. पुढे अनाबेशाही आली, पुण्याच्या गणेशखिंड येथे निवडलेली चिमासाहेबी आली, आणि मग बिनबियांच्या थॉमसन द्राक्षांनी सगळे मांडव व्यापून टाकले. आजोबांनी स्वतः थॉमसन लावला आणि त्यावर घर बांधिले, मुलींची लग्ने केली. नाशिकचा द्राक्षबागायतदार वर्षातून दोनदा वेल छाटतो, एप्रिलात खरड छाटणी आणि पावसाळा सरता सरता गोडी छाटणी. शीत देशांत हिवाळा वेलीला झोपवितो. आपल्याकडे ती निजत नाही, म्हणून माणसास कात्री घेऊन तिचे ऋतू ठरवावे लागतात. आजोबा सांगत होते की छाटणीच्या दिवसांत ते कोणाशी बोलत नसत. डोळा चुकला की वर्ष चुकले.

सन २००१ मध्ये महाराष्ट्र सरकारने द्राक्षप्रक्रिया उद्योगाचे धोरण जाहीर केले. त्याच्या थोडेसे आधी, १९९९ मध्ये, राजीव सामंत यांनी सुला ही वायनरी नाशिकजवळ उभारली होती आणि २००० मध्ये तिच्या पहिल्या बाटल्या बाजारात आल्या होत्या. त्याहीपूर्वी १९८० च्या दशकात शामराव चौगुले यांनी नारायणगावास फेसाळत्या वाइनचा कारखाना काढला होता, आणि ‘ओमर खय्याम’ या नावाने ती परदेशी जात असे. तेव्हा ही गोष्ट अगदीच अपूर्व नव्हती. पण सामान्य शेतकऱ्याच्या कानी ती धोरणानंतरच गेली. या घरच्या मुलाने, म्हणजे सध्याच्या नातवाच्या वडिलांनी, २००३ च्या सुमारास चार एकरांतील थॉमसन काढून तेथे शेनिन ब्लांक नावाची वाइनची पांढरी द्राक्षे लाविली. ही जात मूळ फ्रान्समधील ल्वार नदीच्या खोऱ्यातली. दक्षिण आफ्रिकेत तिचा फार प्रसार झाला, आणि आपल्याकडेही पांढऱ्या वाइनसाठी तिचाच आधार अधिक. एका कंपनीशी करार झाला. दर ठरला.

आणि घरात अबोला सुरू झाला. माळकरी आजोबा मुलाला एवढेच म्हणाले होते, “खायची द्राक्षं विकली तर पोरं खातात. ही विकशील तर काय होईल ते तुला ठाऊक हाये.” त्यानंतर कित्येक वर्षे बापलेक मळ्यात एकाच ओळीत काम करीत, पण बोलणे घरातल्या बायकांमार्फत चाले.

२००८ च्या मंदीनंतर वाइनचा खप मंदावला. कंपन्यांच्या टाक्यांत जुना माल पडून राहिला. २००९-१० च्या हंगामात पुष्कळ ठिकाणी शेतकऱ्यांची द्राक्षे कोणी उचलली नाहीत. वाइनची द्राक्षे बाजारात खाण्यासाठी विकता येत नाहीत. मणी लहान, साल जाड, आत बिया. कित्येकांनी कुऱ्हाडी घेतल्या आणि वेल बुंध्यापासून तोडून टाकले. नारायणगावची ती जुनी कंपनीदेखील कर्जाच्या भाराने त्याच सुमारास मोडली. या घरच्या मुलानेही तीन एकर तोडले. चौथ्या एकरावर मजूर आले तेव्हा आजोबा बांधावर येऊन उभे राहिले.

“मला वाटलं, बाबा म्हणणार, बरं झालं,” मुलगा आम्हांस सांगत होता. “पण त्यांनी मजुराच्या हातातली कुऱ्हाड घेतली आणि म्हणाले, ‘वेलानं काय केलंय? चूक आपली. वेल कशाला मारता?’ आणि इतक्या वर्षांनी माझ्याशी पहिल्यांदा बोलले ते हे.”

तो एक एकर राहिला. आजवर त्याची छाटणी आजोबाच करतात. आता हात थरथरतो म्हणून नातू शेजारी उभा राहतो आणि ते बोटाने डोळा दाखवितात. नातवाने शिक्षण संपवून, परवाने मिळवून, मळ्याच्या कडेस तीन टाक्यांची लहानशी वायनरी उभारिली आहे. त्या शेडमध्ये आजोबांनी आजतागायत पाऊल टाकलेले नाही. “वेल माझा,” ते म्हणतात, “टाकीत काय होतं ते त्याचं.”

नातवाने आम्हांस ती शेड दाखविली. तोड चालू होती. पांढऱ्या वाइनसाठी द्राक्षे पहाटे, उन्हाआधी तोडतात, कारण मणी तापले की सुवास उडतो. द्राक्षे आली की ताबडतोब दाबून रस काढितात आणि साली बाजूस करितात. लाल वाइनसाठी साली रसातच ठेवितात, आणि तिचा रंग व तुरटपणा त्या सालींतून येतो. पांढऱ्या वाइनचा रस थंड करून गाळ बसू देतात, मग पोलादी टाकीत यीस्ट घालून, पंधरा अंशांच्या आसपास थंड ठेवून, हळूहळू आंबवितात. साखरेचे मद्यार्क होते, वायू निघून जातो. दोनतीन आठवड्यांत गोड रस कोरडा होतो. एका बाटलीस सुमारे सव्वा किलो द्राक्षे लागतात. टाकीला कान लावला असता आत मंद बुडबुड ऐकू येते. आम्ही कान लाविला. शेकडो वेळा आम्ही हा रस चषकात ओतला आहे. तो होताना कसा आवाज करितो, हे प्रथमच ऐकिले.

नातू म्हणाला, “फादर, लोक म्हणतात वाइन म्हणजे दारू नव्हे. मी असं म्हणत नाही. हिच्यात शंभरात बारा-तेरा भाग अल्कोहोल आहे. आमच्या घरात एक नियम आहे. करायची, विकायची, पण उंबऱ्याच्या आत बाटली आणायची नाही. तो आजोबांचा नियम; मी चाखतो तो इथे, आणि थुंकून टाकतो.”

हा प्रामाणिकपणा आम्हांस आवडला. जानेवारी २०२२ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने मोठ्या किराणा दुकानांतून वाइन विकू देण्याचे ठरविले तेव्हा केवढे वादळ उठले होते, हे वाचकांस स्मरत असेल. एका बाजूस द्राक्षबागायतदाराच्या चार पैशांचा प्रश्न होता, दुसऱ्या बाजूस बायाबापड्यांच्या संसाराचा. दोहों बाजूंनी वाइन दारू आहे की नाही यावर वाद घातला. त्या वादात शेतकऱ्याचे दुःखही खरे होते आणि बाईचे दुःखही खरे होते. शब्दाच्या व्याख्येने यांपैकी एकही दूर होण्याजोगे नव्हते. आमच्या मध्य प्रदेशात १ एप्रिल २०२५ पासून उज्जैन, ओंकारेश्वर, महेश्वर अशा एकोणीस धार्मिक स्थळी दारूची दुकाने बंद झाली. हे योग्यच झाले. पण ज्या घरात बाटली शेजारच्या गावाहून येते, तेथे सरकारचा हुकूम उंबऱ्यापर्यंतच पोचतो. उंबऱ्याच्या आतला नियम घरच्या माणसालाच करावा लागतो, जसा या आजोबांनी केला.

शेडमधून बाहेर येताना आमच्या मनात नाबोथाची कथा घोळत होती. अहाब राजाला नाबोथाचा द्राक्षमळा हवा होता; त्याने मोबदल्यात अधिक चांगला मळा किंवा पैसा देऊ केला. नाबोथाने नकार दिला. तो मळा त्याच्या पितरांचे वतन होता. त्या नकारासाठी त्याला प्राण गमवावे लागले. ‘वतन’ हा आपला मराठी शब्द या कथेला किती नेमका बसतो! वतन म्हणजे जे विकावयाचे नसते, जे मागच्यांकडून घेऊन पुढच्यांच्या हाती द्यावयाचे असते. युरोपात अशी द्राक्षमळ्यांची वतने पुष्कळ आहेत. जर्मनीत झार नदीकाठी शार्ट्सहोफ नावाचा मळा आहे. तो पूर्वी ट्रिअर येथील एका मठाच्या मालकीचा होता. फ्रेंच राज्यक्रांतीच्या धामधुमीत मठाची मालमत्ता विकली गेली, आणि १७९७ पासून तो मळा एकाच घराण्याकडे आहे. तेथील रीसलिंग द्राक्षांच्या पांढऱ्या वाइनची कीर्ती जगभर आहे. ऑस्ट्रेलियातील सेव्हनहिल येथे ऑस्ट्रियाहून आलेल्या येशूसंघीय धर्मगुरूंनी १८५१ मध्ये मळा लाविला, तो मुख्यतः मिस्साच्या द्राक्षारसासाठीच. तो मळा अद्याप चालू आहे. आमच्या इंदूरच्या मिशनात १९३२ पासून जे एस. व्ही. डी. मिशनरी आले, त्यांत जर्मन पुष्कळ होते. ज्या देशात नदीकाठचे डोंगर द्राक्षवेलींनी झाकलेले, तेथून ते माळव्याच्या काळ्या मातीत आणि भिल्लांच्या पाड्यांत आले.

आपल्याकडे मात्र हे वतन अजून कोवळे आहे. नाशिकच्याच यॉर्क वायनरीचे उदाहरण घ्या. गुरनानी कुटुंबाने ती उभी केली आणि तीन मुलांच्या नावांच्या आद्याक्षरांवरून तिचे नाव ठेविले. २०२१ मध्ये ती सुलाकडे गेली. यात दोष कोणाचा नाही. धंद्याचे गणित तसे असते. पण मळा मुलांच्या नावावर करणे सोपे, मुलांच्या मनावर करणे कठीण, हे त्यावरून ध्यानात येते.

संध्याकाळी ओसरीवर चहा झाला. आजोबा इतका वेळ आमच्या पांढऱ्या झग्याकडे आणि गळ्यातील क्रुसाकडे पाहात होते. अखेर त्यांनी विचारले, “महाराज, तुम्ही लोक देवापुढं रोज हीच घेता म्हणे. खरं का?”

आम्ही म्हणालो, “खरं आहे, बाबा.”

“किती घेता?”

हा प्रश्न आम्हांस आजवर कोणी विचारिला नव्हता. सेमिनरीतील एकाही परीक्षेत तो आला नव्हता. आम्ही बोटांनी दाखविले. चषकाच्या तळाशी थोडासा द्राक्षारस, त्यात थेंबभर पाणी. माणसाचा दुबळेपणा देवाच्या सामर्थ्यात मिसळतो, याची ती खूण, असेही सांगितले.

आजोबांचा चेहरा उजळला. “पाणी घालता व्हय? आणि एवढंच? म्हणजे आमचं तीर्थच की!”

आम्हांस आनंद झाला. एका माळकऱ्याला आमच्या वेदीचे मर्म इतक्या सहज उमगावे याचे समाधान वाटले, आणि खरे सांगावयाचे तर थोडा विजयही वाटला. तो आजोबांनी फार वेळ टिकू दिला नाही. चहाची बशी खाली ठेवून ते म्हणाले, “पण महाराज, तीर्थ पळीनं घेतात. तांब्यानं प्यायला लागला, तर त्याला तीर्थ कोण म्हणंल? आणि पळीनं घेणाऱ्यानं तांब्यावाल्याकडं बघायला नको का?”

आमचे स्नेही आमच्याकडे पाहात होते. आम्ही काही बोललो नाही. इंदूरच्या साक्रिस्तीच्या दाराशी उभ्या राहिलेल्या त्या बाईंनी शब्द निराळे वापरले होते. प्रश्न हाच होता. आम्ही त्यांना पळीचे माहात्म्य सांगितले. तांब्यावाल्याकडे आम्ही पाहिले नव्हते. त्यांच्या नवऱ्याला आम्ही वर्षभरात एकदाही भेटलो नव्हतो. रविवारी तो मागच्या बाकावर नसतो, हे आम्ही पाहिले होते. तो कोठे असतो, हे पाहावयास आम्ही गेलो नव्हतो.

निघताना आजोबांनी आम्हांस त्या एक एकराच्या कडेपर्यंत सोबत केली. एका जुन्या वेलीच्या बुंध्यावर हात ठेवून ते म्हणाले, “ही चांगली आहे. वाईट होते ती माणसाच्या हातात.” योहानाच्या शुभवर्तमानात प्रभूने स्वतःस खरी द्राक्षवेल म्हटले आहे, आणि फळ न देणारा फाटा छाटला जातो, फळ देणाराही अधिक फळ यावे म्हणून साफ केला जातो, असे सांगितले आहे. हे वचन आम्ही कित्येकदा व्यासपीठावरून समजावून सांगितले होते. छाटणी करणारा हात थरथरत असतो, हे मात्र त्या दिवशी पाहिले.

इंदूरला परतल्यावर आम्ही त्या बाईंच्या घरी गेलो. नवरा घरात होता आणि शुद्धीवर होता. आम्ही उपदेश केला नाही. त्याच्या कामाविषयी विचारिले; त्याने बनविलेली एक खुर्ची पाहिली. ती फार सुबक होती. नाशिकच्या आजोबांची हकीकत आम्ही त्यास सांगितली, कुऱ्हाडीचीही आणि पळीचीही. तो ऐकत राहिला. निघताना त्याने विचारिले, “फादर, तुमच्यातल्या कोणाला ही सवय लागली, तर तो मिस्सा कसा करतो?”

याचे उत्तर आम्हांस ठाऊक होते. ज्या धर्मगुरूस मद्याचा रोग जडला आहे, त्यास बिशपांच्या अनुज्ञेने द्राक्षारसाऐवजी ‘मुस्तुम’ वापरता येते. मुस्तुम म्हणजे नुकताच आंबू लागलेला आणि पुढे आंबू न दिलेला द्राक्षांचा रस. १९९५ मध्ये आणि पुन्हा २००३ मध्ये रोमहून यासंबंधीच्या सूचना निघाल्या आहेत. हे आम्ही त्यास सांगितले, आणि म्हणालो, “म्हणजे धर्मगुरूसही हा रोग होतो, हे ख्रिस्तसभेने लिहून ठेविले आहे. तिने त्यास वेदीवरून हाकलले नाही. त्याची पळी बदलली.”

तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, “मला वाटलं होतं, तुमच्यात कोणाला होत नसेल.”

त्या दिवसापासून त्याने मद्य सोडले, असे लिहावयास आम्हांस फार आवडले असते. तसे झाले नाही. तो आमच्याबरोबर एका डॉक्टरांकडे आला. दोन महिने बरे गेले. मग एक आठवडा वाईट गेला. आता पुन्हा बरे चालले आहे. मंगळवारी आम्ही त्याच्याकडे जातो आणि कधी कधी तो आमच्याकडे येतो. आमच्या भोजनगृहाच्या दोन डुगडुगत्या खुर्च्या त्याने नीट करून दिल्या आहेत. रविवारी तो आता मागच्या बाकावर असतो. प्रत्येक रविवारी नव्हे, पण असतो.

बाईंना आम्ही आमची चूक सांगितली. त्या म्हणाल्या, “आपली काय चूक, फादर?” हा त्यांचा चांगुलपणा. मुलाच्या बाबतीत आम्ही दोघांनी मिळून तोड काढली आहे. तो पाण्याची कुपी आणतो. द्राक्षारसाची कुपी, तो मोठा होईपर्यंत, आम्ही स्वतःच आणू. अर्पणाच्या वेळी तो पाण्याची कुपी पुढे करितो, आम्ही चषकात थेंबभर पाणी घालितो, आणि त्या वेळी त्याचे डोळे चषकाच्या तळाकडे असतात. किती घेतात, हे तो पाहात असतो. त्याने पाहावे, अशीच आमची इच्छा आहे.

वाचकहो, आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी लग्नकार्यात, नाताळात प्याला फिरतो. कित्येक घरांत तो मुळीच नसतो. आणि काही घरांत तो नको तितका असतो, हे शेजाऱ्यांना ठाऊक असते आणि कोणी बोलत नाही. या तिसऱ्या प्रकारच्या घरांसाठी आम्ही हे लिहिले. पळीने घेणाऱ्याने तांब्यावाल्याकडे पाहावे, हे आम्हांस एका माळकऱ्याने शिकविले. आपल्या गल्लीत असे घर असेल तर आपण या आठवड्यात तेथे जावे. उपदेश घेऊन जाऊ नये. खुर्ची कशी बनविली एवढे विचारावे. आणि आपले घरच तसे असेल, तर साक्रिस्तीचे दार उघडे आहे. आता आम्ही काना गावापासून सुरुवात करणार नाही, एवढे वचन देतो.

पुढल्या गोडी छाटणीस आम्ही पुन्हा नाशिकला जाणार आहोत. आजोबा तोपर्यंत असावेत, अशी प्रभूपाशी प्रार्थना आहे. त्यांनी मुद्दाम निरोप धाडला आहे, “महाराजांना म्हणावं, एक डोळा त्यांच्या हातून छाटून घेईन.” वेलीचे नुकसान होऊ नये म्हणून नातवाने शेजारी उभे राहावे, अशी आमची त्यास आतापासूनच विनंती आहे.